कार्डावरचं गाव: छोट्या धंद्यासाठी दोन फॉन्ट कसे निवडायचे

(एपिसोड ऐकायला वेळ नसेल तर हा लिखित मजकूर वाचा. बोलतानाची भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे. फक्त माझे "म्हणजे", "अॅक्च्युअली" आणि मागे वाजणारी कुकरची शिट्टी काढून टाकली आहे.)



आजचा विषय ऐकून काहीजण म्हणतील, हा काय विषय झाला? विषय आहे फॉन्ट. म्हणजे व्हिजिटिंग कार्ड, लेटरहेड, बिलबुक, पाकीट, शिक्का या सगळ्यावर जी अक्षरं असतात ती कुठली घ्यायची, किती प्रकारची घ्यायची आणि कुणाची जोडी कुणाशी जमवायची. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी आईच्या डब्यांच्या धंद्यासाठी, भावाच्या गॅरेजसाठी किंवा स्वतःच्या क्लाससाठी फोनवरच कार्ड बनवलेलं असणार. घरात "याला कॉम्प्युटरमधलं कळतं" असं एकदा ठरलं की हे काम आपल्याच गळ्यात पडतं. माझ्याही पडलं होतं, आणि मी ते बिघडवलं होतं. तिथूनच सुरुवात करतो.

आत्याचं कार्ड

माझी आत्या कऱ्हाडला असते. भाजणी, मेतकूट, कांदा-लसूण मसाला, उन्हाळ्यात सांडगे-पापड. पंधरा वर्षं धंदा करते आणि पंधरा वर्षं तिचं व्हिजिटिंग कार्ड म्हणजे जुन्या कॅलेंडरचा फाडलेला कपटा, त्यावर पेनानं नंबर. मी म्हटलं, आत्या, मी करतो तुझं कार्ड. एकदम प्रोफेशनल.

मी काय केलं ऐका. नावासाठी एक वळणदार फॉन्ट घेतला. "घरगुती मसाले" या ओळीसाठी दुसरा, हाताने लिहिल्यासारखा. पत्त्याला तिसरा, एकदम बारीक, फिकट राखाडी रंगात, कारण इन्स्टाग्रामवर तसं छान दिसतं. इंग्रजी नावाला चौथा. फोनवर बघितलं, स्वतःवरच खूश झालो. मजकूर व्हॉट्सॲपवर छापखान्यात पाठवला, त्यांनी प्रूफचा फोटो पाठवला, मी बसमध्ये उभ्या उभ्या अंगठा दाखवला. हजार कार्डं छापून आली.

आत्यानं कार्ड हातात घेतलं, चष्मा लावला, लांब धरलं, जवळ धरलं. मग म्हणाली, "आरं, नाव माझं हाय, पण गाव माझं न्हाई."

कार्डावर छापलं होतं "कर्हाड". र चा रफार होऊन हा च्या डोक्यावर जाऊन बसलेला. आपलं गाव "कऱ्हाड", त्यात ह ला चिकटलेली ती छोटी कोर असते. मी फोनवर बरोबर टाईप केलं होतं. पण छापखान्यात जुन्या पद्धतीचे फॉन्ट होते, त्यांनी सगळा मजकूर परत हाताने टाईप केला आणि त्यात ती कोर हरवली. दोष त्यांचा म्हणायचा का? प्रूफ मी पास केलं होतं. दोष माझा.

पुढची गोष्ट तर अजून वाईट. फोन नंबर मी मराठी आकड्यांत टाकला होता, त्या बारीक राखाडी अक्षरात. बेळगावचा एक दुकानदार महिनाभर भलत्याच माणसाला फोन करत होता, कारण त्यानं मराठी १ हा इंग्रजी 9 म्हणून वाचला. शेवटी तो कुणाच्या तरी ओळखीनं घरी आला तेव्हा कळलं. तोपर्यंत दिवाळी उरकली होती. दिवाळीची भाजणी कुणी कार्तिकी एकादशीला घेत नाही.

आणि आत्यानं काय केलं? कार्डं फेकली नाहीत. "पैसं घातलेत," म्हणाली. रोज रात्री टीव्हीसमोर बसून काळ्या पेनानं एकेका कार्डावरचं गाव दुरुस्त करत होती. मी दिवाळीला गेलो तेव्हा तिनं जवळजवळ तीनशे कार्डं केली होती. मला एका शब्दानं बोलली नाही. त्यापेक्षा बोलली असती तर बरं झालं असतं.

तर मंडळी, आजचा एपिसोड म्हणजे त्या उरलेल्या सातशे कार्डांचं प्रायश्चित्त आहे असं समजा.

किती फॉन्ट? दोन. बस्स.

पहिला नियम सोपा. एका धंद्याच्या स्टेशनरीला दोन टाईपफेस पुरतात. एक बोलणारा, एक काम करणारा.

बोलणारा म्हणजे धंद्याचं नाव ज्यात लिहायचं तो. त्याला थोडा स्वभाव असला तरी चालतो. जाडजूड, गोलमटोल, जुन्या वळणाचा, काहीही. काम करणारा म्हणजे पत्ता, फोन, दर, अटी, बिलातले रकाने यासाठीचा. त्यानं लक्ष वेधून घ्यायचं नसतं. तो वाचता आला पाहिजे, एवढंच त्याचं काम.

लग्नात सनई एकच असते ना? सगळेच सनई वाजवायला लागले तर जेवायला चला म्हणून कुणी कुणाला सांगायचं?

आता जोडी जमवताना लोक दोन चुका करतात. पहिली, दोघेही बोलणारे घेतात. वळणदार नावाखाली वळणदार पत्ता. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, तसे हे एका कार्डावर भांडतात. दुसरी चूक जरा लपलेली असते: दोघे जवळजवळ सारखे घेतात. म्हणजे दोन्ही साधे, सरळ, सारख्याच जाडीचे, पण वेगवेगळ्या फॉन्टचे. उदाहरणार्थ नावाला पॉपिन्स आणि पत्त्याला मुक्ता. दोन्ही चांगले आहेत, पण शेजारी ठेवले की बघणाऱ्याला वाटतं, इथे काहीतरी चुकलंय, फॉन्ट बदलायचा राहिलाय. फरक करायचा असेल तर लांबूनही दिसेल असा करा. नाहीतर करूच नका, एकच फॉन्ट घ्या आणि त्याच्याच वेगवेगळ्या जाड्या वापरा.

हा शेवटचा पर्याय गरिबाघरचा वगैरे नाही बरं का. मुक्ता या फॉन्टच्या सात जाड्या आहेत, अगदी बारीक ते एकदम ठसठशीत. नाव सर्वात जाड, बाकी सगळं साधं. पहिल्यांदाच करत असाल तर हेच करा. चुकायला जागाच राहत नाही.

आपली खरी जोडी: मराठी आणि इंग्रजी

फॉन्टच्या जोड्यांवर इंटरनेटवर भरपूर व्हिडिओ आहेत. ते सगळे एबीसीडीबद्दल बोलतात. आपल्या कार्डावर दोन लिप्या असतात, त्यामुळे आपली पहिली जोडी दोन फॉन्टची नसते, दोन लिप्यांची असते.

इंग्रजी अक्षरं खालच्या अदृश्य रेषेवर बसतात. आपली अक्षरं वरच्या शिरोरेषेला लटकतात, वाळत घातलेल्या कपड्यांसारखी. इंग्रजीत जाड-बारीक रेषा येतात त्या तिकडच्या पेनाच्या कापामुळे; देवनागरीत येतात बोरूच्या कापामुळे, आणि तो काप उलट्या बाजूचा. त्यामुळे जाड कुठे आणि बारीक कुठे हे दोन्ही लिप्यांत वेगळं पडतं. शिवाय आपल्याकडे वर मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार. दोन मजले आणि तळघर!

म्हणून दोन्ही शेजारी ठेवताना तीन गोष्टी बघा.

एक, उंची. दोन्हींना १० पॉइंट दिले म्हणजे दोन्ही सारखे दिसतील असं नाही. आकडा विसरा, डोळ्यानं बघा. साधारणपणे देवनागरीची शिरोरेषा इंग्रजीच्या छोट्या अक्षरांपेक्षा थोडी वर आणि मोठ्या अक्षरांच्या डोक्यापेक्षा थोडी खाली आली की जोडी सारख्या उंचीची वाटते.

दोन, जाडी. डोळे बारीक करून बघा. एक भाग काळा आणि एक भाग करडा दिसतोय का? मग त्यातल्या एकाची जाडी बदला.

तीन, ओळींमधलं अंतर. इंग्रजीला जे पुरतं ते आपल्याला पुरत नाही, कारण वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. १० पॉइंटच्या मराठी अक्षराला ओळीचं अंतर १४-१५ पॉइंट ठेवा.

हे सगळं नको असेल तर सोपा रस्ता आहे: ज्या फॉन्टमध्ये दोन्ही लिप्या एकत्रच बनवल्यात तो घ्या. मुंबईच्या एक टाईपचे मुक्ता आणि बालू, अहमदाबादच्या इंडियन टाईप फाउंड्रीचे हिंद आणि पॉपिन्स, या सगळ्यांत देवनागरी आणि इंग्रजी एकमेकांच्या मापानं बनवलेली आहेत. तुमचं अर्धं काम कुणीतरी आधीच करून ठेवलंय.

आणि दोन गोष्टी ज्या इंग्रजीत चालतात पण मराठीत चालत नाहीत. पहिली, अक्षरांमध्ये अंतर सोडणं. इंग्रजी नाव मोठ्या अक्षरांत लांब लांब मांडलं की ऐटदार दिसतं. तेच मराठीला केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. दुसरी, सॉफ्टवेअरमधलं बटण दाबून अक्षर तिरकं करणं. त्यानं अक्षर पडल्यासारखं दिसतं. मराठीत एखादी गोष्ट उठून दिसायला हवी तर जाडी वाढवा, आकार वाढवा किंवा रंग बदला.

कऱ्हाड परीक्षा

आता सगळ्यात कामाची गोष्ट. फॉन्ट डाउनलोड करायच्या आधी त्याची परीक्षा घ्या. मी तिला कऱ्हाड परीक्षा म्हणतो. हे शब्द टाईप करून बघा:

कऱ्हाड, दुसऱ्या, ॲडव्हान्स, कॉफी, शिल्लक, बाळ, ज्ञानेश्वर, श्री, रुपये.

"कऱ्हाड" आणि "दुसऱ्या" मध्ये ती कोर नीट जोडून येतेय का बघा. ही नुसती शोभा नाही, अर्थ बदलतो. "आचार्यांना भेटा" आणि "आचाऱ्यांना भेटा" यात एक माणूस प्रवचन देतो आणि दुसरा जिलब्या तळतो. केटरिंगचं कार्ड करताना एवढा फरक कळायला हवा.

"ॲडव्हान्स" मधला ॲ जुन्या फॉन्टांमध्ये नसतो, त्या जागी चौकोन येतो किंवा तेवढंच एक अक्षर दुसऱ्याच फॉन्टमधून उसनं येतं. नीट बघितलं तर त्याची जाडी वेगळी दिसते.

"शिल्लक" मध्ये श आणि ल बघा. आपण शाळेत जो ल शिकलो तो दोन पाकळ्यांचा. हिंदी वळणाच्या फॉन्टमध्ये ल वेगळा असतो, काठीला टेकलेला. श चंही तसंच. वाचता येतं, चूक नाही, पण मराठी माणसाला कुठेतरी परकं वाटतं. काही फॉन्टांत दोन्ही रूपं असतात आणि सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडली की आपलं रूप येतं. टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट तर खास मराठी वळणाचाच आहे.

जो फॉन्ट या परीक्षेत नापास होतो, तो कितीही देखणा असला तरी त्याला निरोप द्या.

काही जमलेल्या जोड्या

आता नावं घेऊन बोलतो. हे सगळे गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळतात आणि त्यांचा परवाना धंद्यासाठी छापायलाही परवानगी देतो. हे महत्त्वाचं आहे, कारण बाकी ठिकाणी "फ्री" लिहिलेले बरेच फॉन्ट फक्त खासगी वापरासाठी फ्री असतात. दुकानाच्या बिलावर ते वापरणं म्हणजे न विचारता घेणं. एकेक फॉन्ट बनवायला माणसं महिनोन्‌महिने राबतात, शेकडो जोडाक्षरं एकेक करून काढतात. विंडोजमध्ये वर्षानुवर्षं सगळ्यांनी वापरलेला मंगल फॉन्ट आठवतो? तो र. कृ. जोशींनी केला. आयआयटी मुंबईत शिकवणारा एवढा मोठा सुलेखनकार, आणि आपण त्याची अक्षरं नाव माहीत नसताना रोज वाचली.

तर जोड्या.

खाण्यापिण्याचा धंदा, मसाले, फराळ, खानावळ: नावाला बालू, बाकीला मुक्ता. बालू गोलमटोल, भरलेला, पोट भरल्यासारखा. मुक्ता शांत.

पुस्तकं, क्लास, वकिली, वैद्यकी, जिथे भारदस्तपणा हवा: नावाला टिरो देवनागरी मराठी, बाकीला मुक्ता किंवा हिंद. टिरोला ठळक जाडी नाही, त्यामुळे त्याला आकारानं मोठं करा. जबरदस्तीनं बोल्डचं बटण दाबू नका.

दागिने, साड्या, सजावट: नावाला रोझा वन, बाकीला हिंद. रोझा वनमध्ये जाड रेषा खूप जाड आणि बारीक खूप बारीक. मोठ्या आकारात राजेशाही दिसतो. ८ पॉइंटला त्या बारीक रेषा छपाईत गायब होतात. म्हणून फक्त नावालाच.

चहाची टपरी, सायकल दुरुस्ती, मुंबईच्या वळणाचं काहीही: नावाला यात्रा वन. हा मुंबई लोकलच्या स्टेशनांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला आहे. खाली मुक्ता. बघणाऱ्याला का ओळखीचं वाटतं ते कळत नाही, पण वाटतं.

आणि मोदक नावाचा एक फॉन्ट आहे, नावाप्रमाणेच गुबगुबीत. लहान मुलांच्या खाऊच्या दुकानाचं नाव मोठ्यात लिहायला मस्त. त्यात पत्ता लिहाल तर पोस्टमन तुमच्या नावानं बोटं मोडेल.

आकडे: इथे पैसे बुडतात

नाव वाचता आलं नाही तर माणूस विचारतो. आकडा चुकीचा वाचला तर विचारतही नाही, कारण त्याला वाटतं आपण बरोबरच वाचलंय.

म्हणून फोन नंबरचं आधी ठरवा. मराठी आकडे सुंदर आहेत, मी स्वतः घड्याळातही तेच ठेवलेत. पण छोट्या आकारात, वाईट छपाईत १ आणि ९ एकमेकांसारखे दिसतात, आणि मराठी १ परराज्यातल्या माणसाला इंग्रजी 9 वाटतो. तुमचं गिऱ्हाईक फक्त गावातलं असेल तर मराठी आकडे खुशाल ठेवा. बाहेरचं असेल तर फोन नंबर इंग्रजी आकड्यांत द्या. पण एकाच नंबरात किंवा एकाच बाजूला दोन्ही प्रकार कधीच नको. नंबर सलग दहा आकडे लिहू नका, पाच-पाच असा तोडा. वाचणारा तसाच वाचतो.

खाद्यपदार्थांचा धंदा असेल तर १४ आकडी परवाना क्रमांक असतो. जीएसटी असेल तर १५ जागांचा क्रमांक, त्यात अक्षरं आणि आकडे मिसळलेले. पहिले दोन आकडे राज्याचे, आपल्याकडे २७, मग दहा जागांचा पॅन, त्यात पुन्हा अक्षरं-आकडे-अक्षर. इथे इंग्रजी ओ आणि शून्य, इंग्रजी आय आणि एक यांची गल्लत झाली की समोरच्याच्या हिशेबात तुमचं बिल सापडत नाही आणि तो पैसे अडवतो. म्हणून काम करणारा फॉन्ट निवडताना ओ आणि शून्य, आय आणि एक शेजारी टाईप करून बघा. फरक दिसत नसेल तर दुसरा फॉन्ट शोधा.

प्रत्येक कागदाची गरज वेगळी

व्हिजिटिंग कार्ड आपल्याकडे बहुतेक साडेतीन इंच बाय दोन इंच. त्यात मराठी मजकूर ८ पॉइंटच्या खाली नेऊ नका. बसत नसेल तर अक्षर लहान करू नका, मजकूर कमी करा. "आमची कुठेही शाखा नाही" ही ओळ काढली तर धंदा बुडत नाही. आणि राखाडी रंग नको! छपाईत राखाडी म्हणजे काळ्याचे बारीक ठिपके. बारीक अक्षर ठिपक्यांत छापलं की कडा फाटतात. छोट्या अक्षराला शुद्ध काळा.

लेटरहेडवर तुमचे दोन फॉन्ट फक्त वर आणि खाली असतात. मधलं पत्र तुम्ही नंतर टाईप करणार. ते काम करणाऱ्या फॉन्टमध्येच करा, आणि पाठवताना पीडीएफ पाठवा. वर्डची फाईल पाठवली आणि समोरच्याकडे तो फॉन्ट नसला, तर त्याचा कॉम्प्युटर मनाला येईल तो फॉन्ट लावतो. तुमची जमवलेली जोडी तिथेच मोडते.

बिलबुकाचा विचार उलटा करायचा. तिथे छापलेली अक्षरं महत्त्वाची नसतात, पेनानं भरलेली महत्त्वाची असतात. म्हणून "दर", "नग", "एकूण" ही अक्षरं लहान आणि साधी, आणि रकाने मोकळे. आत्याचं हस्ताक्षर मोठं आहे. पहिल्या बिलबुकात "कांदा-लसूण मसाला" एका ओळीत मावतच नव्हतं. दुसऱ्यांदा मी तिच्याकडून कोऱ्या कागदावर एक बिल लिहून घेतलं आणि त्या मापानं रकाने आखले.

शिक्का: त्यात बारीक रेषा शाईनं भरून जातात. मध्यम किंवा जाड अक्षर घ्या, आणि जोडाक्षरांच्या पोकळ्या मोकळ्या राहतात का बघा.

दुकानाची पाटीही करणार असाल तर तिथे कायदाच आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात दुकानाच्या पाटीवर नाव देवनागरीत मराठीत हवं, आणि ते दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नको. कार्डावर हा नियम लागू नाही. पण पाटीवर मराठी मोठं आणि कार्डावर कोपऱ्यात दडलेलं असं केलं, तर दोन वेगळी दुकानं वाटतात. एकदाच ठरवा, सगळीकडे तेच प्रमाण ठेवा.

छापखान्यात जाण्याआधी

पहिलं, मजकूर व्हॉट्सॲपवर नुसता टाईप करून देऊ नका. तो परत टाईप होतो आणि तिथेच चुका शिरतात. तुम्ही स्वतः मांडणी करून पीडीएफ द्या, किंवा अक्षरांचं चित्ररेषांत रूपांतर करून द्या. कोरल ड्रॉमध्ये त्याला कर्व्ह करणं म्हणतात. मग त्यांच्याकडे तो फॉन्ट असो नसो, अक्षर हलत नाही. मात्र मूळ फाईल वेगळी जपून ठेवा, कारण कर्व्ह केल्यावर मजकूर बदलता येत नाही.

दुसरं, घरी किंवा सायबरमध्ये साध्या कागदावर शंभर टक्के आकारात प्रिंट काढा. फोनवर दोन बोटांनी झूम करता येतं, कागदावर येत नाही.

तिसरं, ती प्रिंट घरातल्या साठीच्या पुढच्या माणसाला द्या आणि फोन नंबर मोठ्यानं वाचायला सांगा. अडखळले तर अक्षर मोठं करा.

चौथं, त्या प्रिंटचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर कुणाला तरी पाठवा, आणि त्याला पुढे पाठवायला सांगा. आजकाल कार्ड खिशात कमी आणि ग्रुपवर जास्त फिरतं. दोनदा फॉरवर्ड झाल्यावरही नंबर वाचता आला पाहिजे.

पाचवं, प्रूफ बसमध्ये उभं राहून पास करू नका. खाली बसा, एकेक शब्द बोट ठेवून वाचा. गावाचं नाव, आडनाव, नंबर हे उलट्या क्रमानंही वाचा. सरळ वाचताना मेंदू चूक दुरुस्त करून पुढे जातो.

शेवटी

आत्याची नवीन कार्डं झाली. नावाला बालू, बाकी सगळं मुक्ता. काळं आणि एक विटकरी रंग, बस्स. नंबर इंग्रजी आकड्यांत, पाच-पाच तोडून. प्रूफ या वेळी मी नाही, आत्यानं पास केलं. पंधरा मिनिटं लावली. "कऱ्हाड" वर बोट ठेवून म्हणाली, "आता आलं गाव."

बेळगावचा तो दुकानदार आता दर महिन्याला मसाला नेतो. फॉन्टमुळे असं मी म्हणणार नाही, मसाला चांगला आहे म्हणून. पण नंबर लागतो, हे मात्र फॉन्टमुळे.

जुनी कार्डं अजून आहेत. आत्या त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर उधारीचा हिशेब लिहिते. मी गेलो की मुद्दाम समोर ठेवते.

या आठवड्याचं काम: घरात पडलेलं कुठलंही एक कार्ड किंवा बिल घ्या आणि त्यावर किती वेगवेगळे फॉन्ट आहेत ते मोजा. दोनपेक्षा जास्त निघाले तर कुठले दोन ठेवाल ते ठरवा. आणि तुमच्या गावाच्या नावात ऱ्ह, ऱ्य, ळ, ॲ असं काही असेल, तर ते तुमच्या आवडत्या फॉन्टमध्ये आजच टाईप करून बघा.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत प्रूफ नीट वाचा!